स्लीव्ह, बायपास आणि नातेवाइकाची सही

माझी मुलगी चाळिशी ओलांडलेली, अविवाहित, माझ्याजवळच राहते. तिला मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो, घशाशी सतत आम्ल येते. वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्या, असे मारतहळ्ळीच्या एका रुग्णालयाने तिला सुचवले. मला केवळ एका प्रश्नाचे उत्तर हवे होते: उपलब्ध पद्धतींपैकी सर्वांत कमी धोक्याची कोणती?

बँकेच्या विधी विभागात हयात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न साधा वाटतो. शल्यचिकित्सकांनी कागदावर पोट काढून दाखवले. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून कायमचा काढतात. काम लवकर आटोपते, पण आम्लाचा त्रास वाढू शकतो. बायपासमध्ये जठराचा बराचसा भाग वगळून अन्न थेट आतड्यात सोडतात; त्याने आम्ल आणि साखर सहसा आटोक्यात येतात. मात्र आत दोन ठिकाणी जोड द्यावे लागतात आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. पोटात फुगा बसवला तर कापाकापी नाही, पण तो काही महिन्यांनी काढावाच लागतो आणि वजन बहुधा परत येते.

"यातले सुरक्षित कोणते?"

"कुणासाठी, सर? आणि काहीच न करण्याचा धोका तुम्ही धरलात का?"

उलटतपासणीत असे उत्तर कुणाला पचू दिले नसते. बसवनगुडीला घरी परतताच मी सविस्तर पत्र लिहिले. उत्तरादाखल छापील संमतिपत्र आले: सर्व धोके समजले, समाधान झाले, खाली रुग्णाची सही, त्याखाली नातेवाइकाची. माझा संताप अनावर झाला. मी कळवले की समाधान झालेले नाही. शिवाय सज्ञान व्यक्ती स्वतः संमती देण्यास समर्थ असताना नातेवाइकाची सही मागण्यास कायद्याचा आधार नाही.

मुलीने ते पत्र वाचले.

"अण्णा, गोळ्या रोज घेशील का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. तुम्ही विचारलंत?"

"घेशील?"

"स्वल्प उशीर झाला विचारायला."

"तुला भीती वाटत नाही?"

"वाटते ना. म्हणून शेजारी कुणीतरी गप्प बसणारं हवं होतं. तुम्ही तिथं केस चालवायला आलात."

रुग्णालयाने दोन ओळींत माझा मुद्दा मान्य केला. नातेवाइकाच्या सहीचा आग्रह धरला जाणार नाही.

त्यानंतर माझी कुणालाच गरज उरली नाही. तिने बायपास निवडली, एवढे मला ठाऊक आहे. आता ती भाकरी-भाजी सोडून पातळ पदार्थांवर राहते, म्हणजे शस्त्रक्रियेचा दिवस जवळ आला असावा. तारीख विचारली तर म्हणते, "सरी, ठीक आहे, तुम्ही जेवून घ्या." मी रुग्णालयात दूरध्वनी केला. रुग्णाच्या परवानगीवाचून माहिती देता येत नाही, असे तिथल्या बाई अदबीने म्हणाल्या. नियम बरोबर आहे. तो चुकीचा असता तर मला निदान काही लिहिता आले असते.

फाटकाशी ऑटो थांबली की मी उठून बघतो.