खंडेनवमीचं कुंकू

रुक्मिणीसिस्टरांच्या घरी दुधाची रिकामी पिशवी कधी कचऱ्यात जात नाही. ती धुतली जाते, दोरीवर चिमट्याने वाळत पडते आणि पुढे कोथिंबीर ठेवायला कामी येते. जुळे सोलापूर भागातली त्यांची बाल्कनी बघून शेजारीण म्हणते, "सिस्टर, तुमच्याकडे साड्यांपेक्षा पिशव्याच जास्त वाळतात की!" सिस्टर हसतात आणि आणखी एक पिशवी वाळत घालतात. धडधाकट वस्तू फेकायची म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं.

हाच स्वभाव घेऊन त्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसचा विभाग सांभाळतात. किडनी निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून फिरवायचं आणि फिल्टरमधून गाळून परत अंगात सोडायचं, हे तिथलं काम. फिल्टर म्हणजे लाटण्याएवढं प्लास्टिकचं नळकांडं. डॉक्टर देवदत्त नव्या दमाचे. त्यांचं म्हणणं, फिल्टर एकदा वापरला की फेकून द्यावा. सिस्टरांनी ट्रस्टच्या बैठकीत ठणकावून सांगितलं की नीट धुऊन, जंतुनाशक औषध भरून ठेवला तर तोच फिल्टर त्याच पेशंटला पुन्हा पुन्हा चालतो. दर वेळी नवा आणायला लावलात, तर आठवड्यातून तीनदा येणारी खेड्यातली माणसं दोनदाच येतील, आणि मग यायचीच बंद होतील. बैठकीने सिस्टरांचं ऐकलं. अट एकच, ज्याचा फिल्टर त्यालाच. प्रत्येकाचा डबा वेगळा, फिल्टरवर नावाची पट्टी आणि पट्टीवर सिस्टरांचं टपोरं अक्षर.

खंडेनवमीला सोलापुरात मागापासून रिक्षापर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी डायलिसिसच्या यंत्रांचीही होते. यंदा यंत्रांना हार घालून झाले आणि सिस्टरांच्या मनात आलं, यंत्र बिचारं नुसतं रक्त फिरवतं, खरं काम फिल्टरचं. मग त्यानेच काय घोडं मारलंय? त्यांनी डब्यांतले फिल्टर काढून टेबलावर रांगेत मांडले आणि एकेकाला हळदकुंकू वाहिलं. मनापासून वाहिलं, म्हणजे भरपूर वाहिलं. आवरताना बघतात तर ओलं कुंकू पट्ट्यांवर उतरलेलं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला गेल्या, तर दोन पट्ट्यांवरची नावंही कुंकवाबरोबर निघून आली. एक वळसंगच्या चंद्रव्वांचं, दुसरं मंगळवेढ्याच्या रुद्रप्पांचं. पण कोणता फिल्टर कुठे मांडला होता ते सिस्टरांना पक्कं आठवत होतं. डावीकडचा चंद्रव्वांचा. त्यांनी नव्या पट्ट्या लावल्या, नावं लिहिली आणि फिल्टर डब्यांत ठेवले. दसऱ्याला चंद्रव्वा आल्या, डायलिसिस झालं, जाताना सिस्टरांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रुद्रप्पांच्या नेहमीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. हिपॅटायटिस सी. रक्तातून पसरणारी कावीळ.

सिस्टरांनी रिपोर्टवरचं नाव पुन्हा वाचलं. डावीकडचा चंद्रव्वांचा, पण कुणाच्या डावीकडचा? मांडताना त्या यंत्रांकडे तोंड करून उभ्या होत्या. हार सरळ करायला एकदा टेबलाच्या पलीकडे गेल्याचं आठवत होतं. ते पुसायच्या आधी की नंतर? पुसताना त्या अलीकडे होत्या की पलीकडे? त्यांनी टेबलापाशी उभं राहून पाहिलं, पलीकडे जाऊन पाहिलं, दोन्हीकडून सगळं खरंच वाटत होतं. जितकं आठवावं तितकं ते हातातून निसटत गेलं.

कुणालाच काही माहीत नव्हतं. उद्या चंद्रव्वांना कावीळ निघाली तरी लोक म्हणणार, डायलिसिसवाल्यांना व्हायचीच. हा विचार आपल्या डोक्यात आला कसा, याचीच सिस्टरांना शिसारी आली. त्या तशाच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "त्या औषधात विषाणू सहसा टिकत नाही."

"सहसा?"

"सहसा," डॉक्टर म्हणाले. "सगळे फिल्टर टाकून द्या. चंद्रव्वांना मी सांगतो."

"नको सर. पट्टीवर अक्षर माझं आहे, मीच सांगते."

चंद्रव्वा आल्या तेव्हा सिस्टरांनी त्यांना पलंगावर बसवलं आणि कुंकवापासून रिपोर्टपर्यंत सगळं सांगितलं. रुद्रप्पांचं नाव तेवढं घेतलं नाही.

"म्हंजी दुसऱ्याचा फिल्टर मला लावला व्हय?"

"लावला असेल किंवा नसेलही, अव्वा. मला सांगता येत नाही. अंगात काही आलंय का, ते कळायलाही काही आठवडे लागतात."

"तुला बी ठावं न्हाय?"

"नाही."

चंद्रव्वांनी पदर तोंडाला लावला. "नातवंडं माज्या ताटात जेवत्यात गं."

"जेवण्याने नाही पसरत, अव्वा. खरंच नाही."

पण आता सिस्टरांच्या खरंचला कोण विचारतो? चंद्रव्वांनी घरी आपलं ताट वेगळं केलं. नातवंडं जवळ आली की त्या उठून अंगणात जात. हे त्यांच्या सुनेने सांगितलं तेव्हा सिस्टरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता सगळ्यांना नवा फिल्टर आणि काम झालं की तो कचऱ्याच्या पिशवीत. धुवायचं नावही सिस्टर काढत नव्हत्या. चंद्रव्वा आल्या की आधी त्यांच्या डोळ्यांत पिवळं दिसतंय का ते चोरून बघायचं. एकदा त्या ठरल्या दिवशी आल्याच नाहीत. पुढच्या वेळी आल्या त्या सुजलेल्या पायांनी, धापा टाकत. मुलाला दर वेळी नव्या फिल्टरचा खर्च झेपत नव्हता. सिस्टरांनी त्यांच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि भरून येईना. धुतला तरी आपणच मारणार आणि फेकला तरी आपणच, असं त्यांना वाटलं.

काही आठवड्यांनी चंद्रव्वांच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी आणखी थांबून पुन्हा तपासायला लावलं, तोही चांगला आला. सिस्टर नळ सोडून बेसिनपाशी रडून आल्या आणि मग चंद्रव्वांना सांगितलं. चंद्रव्वा हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली.

त्या दिवशीचं डायलिसिस संपलं. सिस्टरांनी फिल्टर सोडवला आणि पायाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"टाकू नगं," चंद्रव्वा पलंगावरून म्हणाल्या. "धू."

"अव्वा, माझा हात होत नाही."

"धू म्हंते की. औषध भर. आनि नाव हितं, माज्याम्होरं बसून लिही."

"तुम्हाला कुठे वाचता येतं, अव्वा?"

"वाचाया येत न्हाय," चंद्रव्वा म्हणाल्या, "बघाया येतंय."

सिस्टरांनी फिल्टर धुऊन, औषध भरून आणला आणि पलंगाशेजारी स्टूल ओढून पट्टीवर पेन टेकवलं. चंद्रव्वा कोपरावर उठून बसल्या आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी सिस्टरांच्या हातावरची नजर काढली नाही.