साळवेंचा बिशप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — नाही, कारण नकोच.

लखनौच्या आमच्या इतिहास विभागात मराठी दोघंच. मी, आणि नगरचे साळवे. दोघंही जानकीपुरमला राहायचो, एकाच ई-रिक्षाने जायचो-यायचो. त्या वाटेवर ते त्यांच्या बिशपविषयी बोलत. दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज — शाळामास्तरचा मुलगा, पलटणीबरोबर आलेला साधा पाद्री, पुढे बिशप झाला. मोडक्या हिंदुस्तानीत प्रवचन करायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. एका देशी माणसाला त्याने पाद्री केलं, तर जेवायला घरी येणाऱ्या गोऱ्या मित्रांनीच वर तक्रारी केल्या. बिशपची पुढची बढती कायमची थांबली. गोष्ट इथवर आली की साळवेंचा आवाज अडखळायचा.

“यावर व्याख्यान द्या,” मीच म्हटलं. ते नको म्हणत होते. ख्रिस्ती माणूस बिशपवर बोलला की काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. “मी आहे ना,” मी म्हणाले.

व्याख्यान निम्म्यावर आलं आणि बाहेर धर्मांतराविरुद्ध घोषणा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारलं, “ये लेक्चर किसने रखवाया?”

माझं प्रमोशन त्यांच्या हातात होतं. हे सांगायला हवं का? हवं.

“सर, मुझे तो पता ही नहीं था,” मी म्हणाले.

साळवे शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — रागाने नव्हे, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असावी, तसं. मग म्हणाले, “मैंने ही रखवाया, सर.”

जिन्यात मला एवढंच बोलले, “ताई, तुमचं नाव मी घेणारच नव्हतो.”

ते कंत्राटी होते. कंत्राट पुढे वाढलं नाही. सामान बांधून नगरला गेले. मी स्टेशनवर गेले नाही — कुठल्या तोंडाने जाणार होते?

एवढ्यावर थांबलं असतं तर? नाही थांबलं. आता प्रमुख मीच आहे. वर्गात तो बिशप शिकवते — ते हसणं, त्या तक्रारी, मित्रांचं उलटणं. पोरं मान वर करून ऐकतात. परवा एका मुलीने विचारलं, “मैम, ये सब आपने कहाँ से खोजा?”

मी म्हणाले, “बरसों की मेहनत है, बेटा.”