पोपटांविरुद्धचा ठराव

बिनकामाच्या कामात आमच्या साडूंइतका कष्टाळू माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी त्यांना तोंडावरही ऐकवलं आहे. नांदूरघाटाजवळच्या एका गावात ते दूध सोसायटीचे सचिव. स्वतःच्या दारात म्हैस नाही. पण अंगणात जाळीचा खोलीएवढा पिंजरा आणि त्यात निळे, पिवळे, हिरवे तीसेक लव्हबर्ड. पाहुण्याला बसायला धड खुर्ची नाही, पण या चिमुकल्या पोपटांना अंडी घालायला कुंभाराकडून खास भोक ठेवून घेतलेली मडकी टांगलेली. त्यांच्यासाठी राळ्याचे दाणे थेट गेवराईच्या बाजारातून येत. स्वतःच्या गुडघेदुखीचं औषध मात्र आज आणू, उद्या आणू.

पक्ष्यांमधलं आपल्याला सगळं कळतं, अशी या गृहस्थांची समजूत. नराचं नाक निळं, मादीचं तपकिरी, हे ते मला दर भेटीत समजावतात. तरी चेअरमनच्या मुलाच्या लग्नात जोडपं म्हणून थाटात दिलेली पिल्लं मोठी झाली तेव्हा दोन्ही नर निघाली. चेअरमन बिचारे वर्षभर अंड्यांची वाट पाहत होते. यावर साडू म्हणाले, त्यांचं एकमेकांशी पटतंय ना, मग झालं. सोसायटीत राहून ठरावाचं खूळ तर असं डोक्यात भिनलेलं, की कोणता नर कोणत्या मादीबरोबर सोडायचा याचाही घरात ठराव व्हायचा. सूचक ते स्वतः, अनुमोदक माझी मेहुणी. तिने भाकरी थापता थापता नुसतं ‘हूं’ म्हटलं, की ठराव मंजूर.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. जनावरं छावणीला गेली, सोसायटीत दूध येईना, टँकर दोन दिवसांआड. त्यात पोपटांनी अंडी घालणं थांबवलं. हवा कोरडी पडली की ही पाखरं अंडी देत नाहीत म्हणे. एखाद्याने गप्प बसून दुष्काळ काढला असता. साडूंनी न्हाव्याकडून फवारा मागून आणला आणि आपल्या आंघोळीचं पाणी त्यात भरून रोज सकाळी जाळीवर पाऊस पाडायला सुरुवात केली. आंघोळ बंद झाल्याचा पुरावा शेजारी बसणाऱ्याला लगेच मिळायचा. पण महिन्याभरात मडक्यांत अंडी दिसली, आणि साडू गावभर बारसं असल्यासारखे हिंडले.

हे पाणी टँकरच्या रांगेतल्या बायकांनी पाहिलं. कुणाचा जीव जळणार नाही? गावाने सभा बोलावली. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला नेहमीप्रमाणे साडूच बसले. बीडच्या माझ्या शाळेला सुट्टी म्हणून मीही त्या दिवशी तिथेच होतो आणि खरं सांगायचं तर मनातून खूश होतो. एक म्हातारी उठून म्हणाली, “माज्या नातवाला ताप हाय. त्याचं अंग पुसाया पानी न्हाई, अन् हितं पाखरं न्हात्यात.”

ते पाणी आपल्या आंघोळीच्या वाट्याचं होतं, एवढं साडूंनी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी त्यांना कोपराने ढोसलं. ते फक्त म्हणाले, “तिचं बरोबर हाय.” मग टँकर चालू आहे तोवर गावात कुणी पोपट पाळू नयेत, असा ठराव कुणीतरी सांगितला, तर यांनी त्याची भाषा सुधारली. ‘पोपट’ऐवजी ‘शोभेचे पक्षी’ लिहिलं; उद्या कुणी दुसरं पाखरू आणलं तर पळवाट राहू नये म्हणून. अनुमोदक कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळे खाली पाहू लागले. ती म्हातारीसुद्धा. साडूंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पाखरं दोन जाळीच्या टोपल्यांत घालून माझ्याबरोबर बीडला माझ्या घरी निघाली. अंडी प्रवासात टिकली नसती. ती मडक्यांतच राहिली. एसटीपाशी मेहुणीने विचारलं, पाऊस झाला की परत आणायची ना?

“न्हाई,” साडू म्हणाले. “गुरुजींकडं नळ हाय. तितंच ऱ्हाऊ द्या.” मग खिडकीपाशी येऊन मला हळूच म्हणाले, “पाऊस आला म्हनून मी पाखरांना खोटंच सांगितलं, गुरुजी. त्यांनी इस्वास ठेवला.”

पंधरा वर्षं मी या माणसाला नावं ठेवत आलो होतो. टोपलीतली पाखरं बीड येईपर्यंत मांडीवर कलकलत होती, आणि त्या दिवशी मला साडूंविषयी एकही वाकडा शब्द सुचला नाही.