हरायला बोलावलेली

तिच्या नावावर सतरा पराभव होते, आणि ते लिहून ठेवणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात कुणाचा ठोसा खाल्ला नव्हता. हौशी बॉक्सिंग संघटनेचे सचिव काय, तांत्रिक समितीचे अध्यक्ष काय आणि टेबलांशी बसून गुण देणारे ते पाच जण काय, सगळे उंटावरचे शहाणे. नियमांच्या पुस्तकात पोटावरच्या ठोशालाही तोंडावरच्या ठोशाइतकीच किंमत होती. पण पुस्तक उघडायचे कष्ट कोण घेणार? समोरचीचं डोकं मागे गेलं, केस उडाले, की यांना ठोसा दिसायचा. ती मारायची बरगडीखाली, कोपर आणि कंबर यांच्यामधल्या वीतभर जागेत. तिथे ना केस उडत, ना टाळ्या पडत.

हा ठोसा तिला कुणी शिकवला नव्हता. ती एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. यंत्रातून ओल्या चादरींचा गठ्ठा उपसायचा, कमरेतून वळायचं आणि तो गाडीत टाकायचा, असं दिवसाचे आठ तास. नऊ वर्षांत तिच्या कमरेला जो वळसा बसला होता, तो कुठल्याही शिबिरात मिळाला नसता. घरी थोरला भाऊ मात्र रोज विचारायचा, आज तरी जिंकलीस का? जिन्याच्या दुसऱ्या वळणावर धाप लागणारा हा माणूस तिला बचाव कसा करायचा ते सोफ्यावर बसून शिकवायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर जिची तालीम चालायची, ती बाई तेवढी वेगळी होती. या शिकवणाऱ्या बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. हिला हरवणाऱ्या सतरा मुलींपैकी सहाजणींनी दुसऱ्या दिवशीच्या सामन्यातून माघार घेतली होती. संघटनेच्या कागदावर सहाहीजणींपुढे ‘आजारी’ असं लिहिलेलं. सहाही मुली कण्हत, बरगडी धरून घरी गेल्या, आणि या दिवट्यांना वाटलं हवा बदलली असेल.

बाई म्हणाल्या, "तू व्यावसायिक हो. तिथे फेऱ्या जास्त, हातमोजे लहान. तुझं मारलेलं तिथे दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नाही."

सोपं नव्हतं ते. व्यावसायिक परवाना घेतला की संघटनेची दारं बंद. सचिवांनी तिचा राजीनामा दोन बोटांत धरला, आणि तिथे तुला हरायलाच बोलावतील, असं हसत सांगितलं. संताप याचा की त्यांचं खरं होतं. त्या धंद्यात सामने भरवणाऱ्याची एक लाडकी असते. लाडकीला विजेतेपदापर्यंत न्यायचं तर आधी तिच्या खात्यात विजय लागतात, आणि विजयासाठी हरणाऱ्या मुली लागतात. अशी मुलगी दोनदा हरली की तोच तिचा धंदा होतो. मग जन्मभर तिला फक्त पडायला बोलावतात. पहिलाच सामना हातचा गेला तर ती त्या रांगेत उभी राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या विचाराने तिला तीन दिवस जेवण गेलं नाही.

सामने भरवणाऱ्याने तिला कागदावरून निवडलं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. याने शीतही पाहिलं नाही, फक्त ‘पराभव’ हा रकाना पाहिला. पोस्टरवर लाडकीचा फोटो हातभर लांब. हिचा तिकिटाएवढा, तोही दुसऱ्याच मुलीचा. वजनाच्या वेळी त्याने हिच्याकडे न बघताच विचारलं, उद्या साडेसातपर्यंत उरकेल ना, पुढे पाहुण्यांचं जेवण आहे.

पहिल्या दोन फेऱ्या लाडकीने गाजवल्या. हिच्या नाकातून रक्त आलं, लोक खूश झाले. पहिल्या रांगेत सामने भरवणारा पाठ फिरवून कुणाशी तरी गप्पा मारत होता. ही तेवढ्या वेळात खालीच मारत राहिली, चादरी उपसाव्यात तशी, न थकता आणि न चिडता. तिसऱ्या फेरीनंतर बाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि एवढंच म्हणाल्या, "तिचा उजवा कोपर खाली आलाय. तिला श्वास घेताना दुखतंय."

चौथ्या फेरीत लाडकी एका गुडघ्यावर बसली. धडपडली वगैरे नाही, सावकाश बसली, आणि रेफरीने दहा मोजेपर्यंत तशीच बसून राहिली. लोकांना वाटलं पाय घसरला. सामने भरवणारा मागे वळला आणि शेजाऱ्याला काय झालं म्हणून विचारू लागला. हिला मनापासून हसू आलं. एवढी वर्षं तिला हरवणारी माणसं आंधळी होती, आणि आता जिंकल्यावरही त्यांना ते दिसलं नव्हतंच.

आठवड्याने त्याने तिला ऑफिसात बोलावलं. आता ती ‘मॅडम’ झाली होती, खुर्ची मिळाली, चहा आला. आता आपण तुम्हालाच पुढे आणू, असं तो म्हणाला, आणि पुढच्या सामन्यासाठी निवडलेल्या मुलीचा कागद त्याने टेबलावरून सरकवला. तेवीस वर्षांची, कारखान्यात पॅकिंगला, अकरा पराभव.

"ही?" ती फसकन हसली. "दोन फेऱ्यासुद्धा टिकायची नाही."

बोलून गेली आणि तिचे कान तापले. सचिवांचंच हसू होतं ते, जसंच्या तसं. नऊ जणांना मनोमन मूर्ख ठरवून ती इथवर आली होती, आणि खुर्ची मिळून दहा मिनिटं होत नाहीत तोच दहावी तीच निघाली. लाज वाटली तिला.

सामने भरवणारा पेन पुढे करत होता. तिने ते घेतलं नाही. या मुलीचे सामने आधी दाखवा, सगळे अकरा, मग सही करते, असं ती म्हणाली.

तो खरोखरच गोंधळला. "अहो मॅडम, हरलेल्या पोरींचे सामने कोण बघतं?"

"कुणी बघत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर तुमची लाडकी अजून घरी झोपून आहे."