हौसाबाईंचं शेवटचं कडवं

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि ती तर माझा चेहरा पाहून पोटातलं ओळखायची. तुम्हाला सांगतोय, कारण आता छातीवरचा दगड उतरलाय. कसा उतरला, ते ओघात येईलच.

मी सदाशिव पेठेतला. पंचाहत्तरी उलटली. कॅसेटच्या जमान्यात मी ‘उजेड कॅसेट्स’मध्ये रेकॉर्डिंग करायचो — भवानी पेठेत, पत्र्याच्या दोन खोल्या, आवाज अडवायला भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. कंपनी सुदामरावांची. मोठ्या कंपन्या त्यांच्या वस्तीतल्या गायकांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या माणसानं स्वतःच कंपनी काढली. दलित माणसाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी — आणि तीही पुण्यात! आमच्या आळीत कुणी विचारलं, नोकरी कुठे, तर मी सांगायचो, रेडिओच्या लायनीत. बघा, खोटं तिथूनच सुरू.

दोन-तीन वर्षांत जयंतीचा एक मांडव ‘उजेड’च्या कॅसेटशिवाय राहिला नाही. टेम्पोत तीच, लग्नात तीच. आपल्या गल्लीतला आवाज टेपमधून ऐकून म्हातारी माणसं रडलेली मी पाहिलीत. पुढे कितीतरी पोरं-पोरी त्या कॅसेटी ऐकून गायला लागली, लिहायला लागली. एवढ्या मोठ्या कामात मी होतो. आणि तिथे मी काय केलं?

सांगतो. जरा दम घेऊ द्या.

हौसाबाई मार्केट यार्डात कांदा निवडायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी डोक्यातच रचायच्या आणि आमच्या गायिकेला तोंडी शिकवायच्या. लेकीला शाळेत घालणाऱ्या बायांचं त्यांचं एक गाणं — अहो, काय गाणं होतं! रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही रीत. त्यांनीही गुंफलं होतं: ‘हौसा सांगते बायांनो, पाटी लेकीची जपा गं.’ कॅसेटच्या कागदावर फक्त गाणाऱ्याचं नाव छापायचं. रचणाऱ्याचं गाण्यातच असतं की, असं सुदामराव म्हणायचे. म्हणजे हौसाबाईंचं नाव कुठे राहणार, तर त्या एका ओळीत.

त्याच आठवड्यात मी सुदामरावांना माझं एक गाणं दाखवलं होतं. शुद्ध, वृत्तात बसवलेलं. त्यांनी वाचलं, हसले, आणि हे कोरडं आहे हो म्हणून परत दिलं. माझ्या जागी हौसाबाईंचं घेतलं. मत्सर? होता. पण नुसता मत्सर म्हणून सुटता येणार नाही. कांदा निवडणाऱ्या, त्या वस्तीतल्या बाईचं नाव माझ्या हातून घराघरात जाणार — हे मला सोसेना. जात बोलली माझ्यातली. याला दुसरं सभ्य नाव नाही.

मी ब्लेड घेतलं, ते कडवं फितीतून कापलं, पुढचं धृपद जोडलं. सुदामरावांना सांगितलं, कॅसेटची बाजू भरली, अर्धं मिनिट जास्त होतंय. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. मी मोजल्यासारखं केलं. हौसाबाई समोरच उभ्या होत्या. त्या नुसतं “बरं” म्हणाल्या.

जागा होती. त्या बाजूला शेवटी चाळीस सेकंद कोरी फीत होती. प्रत्येक कॅसेटीत माझ्या खोट्याचा पुरावा होता — गाणं संपतं आणि मग नुसती सूं. पण कोरी फीत ऐकतं कोण? मी ऐकायचो. कुठल्याही मांडवात ते गाणं लागलं की मी शेवटपर्यंत थांबायचो. गाणं घरोघरी गेलं. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी घेतलं, आणि रचना म्हणून खाली छापलं — पारंपरिक.

कापलेली फीत मी फेकली नव्हती. का? ठाऊक नाही. सुपारीच्या डबीत गुंडाळून ठेवली होती. सुदामराव गेले, कंपनी मिटली, बायको गेली. गेल्या महिन्यात एका ओळखीच्याकडून ती फीत मोबाइलवर घेतली आणि लोणी काळभोरला गेलो. हौसाबाई तिथे लेकीकडे असतात. लेक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीय. दोघींसमोर सगळं सांगितलं. कापल्याचं, का कापलं त्याचं. मग कडवं लावलं.

हौसाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

“म्हंजी टेपात जागा हुती,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आपल्यालाच आवरतं घ्याया येत न्हाई. म्हनून त्याच्या पुढल्या एकाबी गाण्यात म्या नाव घातलं न्हाई.”

किती गाणी, ते मी विचारलं. लेकीनं सांगितलं — साठ-सत्तर तरी असतील.

मी तर समजत होतो, एकच कडवं कापलं.

त्यांनी माफ केलं नाही, मी मागितलंही नाही. लेकीनं चहा दिला, मी प्यालो. येताना बसमध्ये खिडकीशी बसलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेही फुकटच मिळालं मला.

ते गाणं तुमच्या कानावर पडेल कधीतरी. ते हौसाबाईंचं आहे. बाकीची साठ-सत्तरही त्यांचीच.