सिस्टरांचा भत्ता

ठाण्यात आलेली शेकडो माणसं मी विसरलो असेन, पण पर्स घट्ट धरून बाकावर बसलेल्या त्या सिस्टर काही विसरता येत नाहीत.

तेव्हा मी इस्लामपूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जवळच्या गावात एका माजी सैनिकाच्या अंगावरून वारं गेलं, त्याला सांगलीला हलवलं. आधी निनावी फोन आला, पाठोपाठ त्याच्या बायकोचा अर्ज. रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात दिसला की आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता मिळतो, त्यासाठी सिस्टरांनी खोटे आकडे भरले, अशी तक्रार. मला ते लगेच पटलं. पैशाचा विषय निघाला की पोलिसाचं डोकं आधी तिकडेच धावतं.

"साहेब, शेवटच्या तपासणीला त्यांचा दाब मी मोजलाच नाही," सिस्टर म्हणाल्या. "जिल्ह्याचं पथक आमचे आकडे पडताळायला आलं होतं. आम्हाला बाहेर उभं केलं होतं. त्यांनी नॉर्मल लिहिलं, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. आता माझी नोकरी जाणार का हो?"

पथकानेही जबाबात तेच सांगितलं. मग मी गावात गेलो. मी तोंड उघडायच्या आत जो तो म्हणे, "सिस्टरचा काय बी दोष न्हाई, साहेब." न विचारता उत्तर देणारा माणूस बहुधा काहीतरी झाकत असतो. इथं तर अख्खी आळी झाकत होती.

ओळख पटवायला, दाब मोजणाऱ्या पथकातल्या तपासनिसाला घेऊन मी सांगलीचं रुग्णालय गाठलं. खाटेवरच्या रुग्णाकडे बघून तो गोंधळला. "यांना मी कधी पाहिलेलंच नाही." तेवढ्यात रुग्णाचा धाकटा भाऊ जेवणाचा डबा घेऊन आत आला. तपासनीस म्हणाला, "साहेब, दाब यांचा मोजला होता."

भावाला बाहेर बाकावर बसवून चहा दिला. दरडावायची वेळच आली नाही.

"दादाचा दाब लय चढल्याला आसायचा. त्यो म्हनला, आईच्या आजारात सिस्टर रोज घरी येत हुत्या. आपल्यापायी त्यांचा भत्ता बुडाया नको. नाव पुकारलं की तू जा माज्या जागी. मग त्याला सिस्टरच्या म्होरं जायाची लाज वाटाया लागली. गोळ्या मीच आनायचो. वैनीला ह्यातलं काय बी ठावं न्हाई."

"आणि गावाला?"

"आवं साहेब, आमी एकटंच न्हवतो."

मला आधी हसू आलं, आणि मग ध्यानात आलं, दाब चढलेले असे कितीतरी जण गावात तसेच फिरत असतील. लगेच डॉक्टरांना फोन करून गावातल्या सगळ्या रुग्णांचा दाब पुन्हा मोजायला सांगितलं. बऱ्याच जणांचा दाब धोक्याच्या पातळीवर निघाला.

सिस्टरांविरुद्ध काही आढळलं नाही, असा अहवाल मी पाठवला. सिस्टर रुग्णाला भेटायला गेल्या तेव्हा मी तिथेच होतो. वाकड्या झालेल्या तोंडाने त्याने कसंबसं विचारलं, "सिस्टर... भत्ता... मिळाला न्हवं?"

"दादा, मला तुमचा खरा दाब पायजे होता!" त्या ओरडल्या आणि तिथेच रडायला लागल्या.

लोभापायी केलेला खोटेपणा मी आयुष्यभर शोधला. मायेपोटी केलेला खोटेपणाही माणसाला लुळा करून टाकतो, हे या प्रकरणाने मला शिकवलं.

आता माझाही दाब वाढलेला असतो. आमच्या केंद्रातल्या सिस्टर फार चांगल्या आहेत, माझी आवर्जून चौकशी करतात. त्यांच्या भत्त्याचं जे व्हायचं ते होवो, तपासणीला मी स्वतःच जाऊन बसतो.