गाणारीच्या मागची छुन-ही

मेंग छुन-ही मावशींना पुढे यायचं होतं आणि त्या मागे जात होत्या. सकाळपासून हेच चाललं होतं.

इंचॉन बंदराजवळचा जुना कॅबरे-हॉल आम्ही सिनेमासाठी भाड्याने घेतला होता. दृश्य सोपं होतं. म्हातारी नर्तकी रंगमंचाच्या अगदी पुढे येते, दिव्याखाली एकटी नाचते. मागे तरुण मुली, तिच्या आठवणीतल्या. मी सहायक दिग्दर्शक. मावशींना या कामासाठी मीच आणलं होतं. त्यामुळे 'कट' म्हटलं की दिग्दर्शक प्यो त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघायचा.

मावशी आमच्या गल्लीत किंबापचं दुकान चालवतात. कॉलेजात कविता शिकत असताना मी तिथे जेवायचे. भाताचा रोल कापता कापता त्यांचा उजवा पाय ताल धरायचा. त्या नाचायच्या, हे मला असं कळलं.

लहान असताना त्या स्वस्तातल्या थिएटरात विदेशी नाचाचे सिनेमे बघत. एका तिकिटात दोन खेळ. घरी येऊन अंगणात, आंबवलेल्या किमचीच्या रांजणांमध्ये, तीच पावलं टाकायच्या. रांजण फुटला की आईचा मार. पुढे टीव्हीच्या नृत्यपथकात लागल्या. त्या काळी गाणारे खांबासारखे उभे राहत. हलायचं ते मागच्या मुलींनी. नंतर गाणाऱ्यांनाच नाचायची हौस आली, तेव्हा त्यांना पावलं शिकवली ती या मागच्या मुलींनीच. सिनेमातल्या नाइटक्लबातही मावशी नाचल्या, कायम हिरोच्या खांद्याआड. जुन्या चित्रफितींत त्यांचा कोपर आहे. गुडघा आहे. चेहरा कुठेच नाही.

"मुलगी म्हणते, आई, तू नाचायचीस हे मी फक्त ऐकलंय," त्या मला म्हणाल्या होत्या. "एकदा तरी तोंड दिसू दे गं, सोदाम."

आणि आता कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर होता, आणि बाई मागे सरकत होत्या.

गाणं सुरू व्हायचं. मावशी सुंदर नाचायच्या. मग एक पाऊल मागे. मग आणखी एक. कडवं संपेपर्यंत त्या मुलींच्या रांगेत जाऊन मिसळलेल्या. जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवली. ती ओलांडून मागे. मुलींना सांगितलं, वाट अडवा. मावशींनी त्यांना कोपराने बाजूला सारलं.

"मावशी, काय चाललंय हे!"

"बुटांना खिळे ठोक माझ्या."

"तुम्हाला यायचंय ना पुढे?"

"यायचंय! पायांना सांग. माझं ऐकत नाहीत मेले."

प्यो आला. अदबीने वाकला. "मावशी, संध्याकाळी हॉल सोडायचाय. आता जमलं नाही तर ही भूमिका मला काढावी लागेल." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तुझी माणसं फार भारी असतात हं."

मी मावशींना विंगेत नेलं. मिक्स कॉफीचा कागदी कप हातात दिला. माझा आवाज चढलेला होता. "मागे जाण्यासारखं आहे काय तिथे?"

"गाणारीच्या पुढे पाऊल गेलं की दुसऱ्या दिवशी पथकातून हकालपट्टी. आमच्यातल्या एकीची झाली. रडत गेली."

"इथे गाणारी नाहीये!"

"तेच तर म्हणते. कोणाच्या मागे राहू मी?"

 मी जाऊन प्योला सांगितलं, गाणारी मी होते. त्याने कपाळावर हात मारला, पण हो म्हणाला.

मी कॅमेऱ्याच्या खाली, मावशींकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसले. हातात बंद माइक. गाणं लागलं. मी तोंड हलवायला लागले, मान डोलवायला लागले. मागून बुटांचा आवाज आला. जवळ. आणखी जवळ. त्या पट्टीपर्यंत आल्या, आणि तिथेच राहिल्या. 

"हळू!" मावशी ओरडल्या. "धावतेस कुठे? ताल गाढवासारखा चाललाय तुझा! कविता शिकलीस आणि हे नाही शिकलीस? मान सरळ ठेव!"

नाच थांबला नाही. शिव्याही थांबल्या नाहीत. गाणं संपलं.

"मिळालं," प्यो म्हणाला.

"काय मिळालं?" मावशी धापा टाकत होत्या. "पुन्हा घे. हिने सगळं बिघडवलं."

प्योने पुन्हा घेतलं नाही. सिनेमात तोच तुकडा आहे, वरून गाणं टाकलेला. पडदाभर मावशींचा चेहरा. भुवया ताणलेल्या, तोंड उघडं, डोळ्यांतून आग. पाय बिनचूक.

मावशी, त्यांची मुलगी आणि मी, तिघी बघायला गेलो. मावशी खुर्चीत खाली खाली घसरत गेल्या.

"एवढी वर्षं थांबले," त्या पुटपुटल्या, "आणि दिसले ती भांडताना."

मुलीने डोळे पुसले. "अय्या आई," ती म्हणाली, "तू तर अगदी घरातल्यासारखी दिसतेस."